प्राणीगृहातलं माकड: ताण कसा ओळखायचा आणि कसा उतरवायचा

२०२० साली कोव्हॅक्सिन या लशीची चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत २० लाल तोंडाच्या माकडांवर झाली. तिचे निकाल पुष्कळांनी वाचले. पण अशा कुठल्याही प्रयोगामागे आणखी एक काम रोज चाललेलं असतं. सकाळी पिंजरे धुणं, खाणं टाकणं, कोण जेवलं नाही ते बघणं, रक्त काढायला माकड धरणं. हे काम करणारे अटेंडंट, पशुवैद्यक आणि पीएचडी करणारी मुलं यांच्यासाठी हा लेख आहे. माकडांवर प्रयोग व्हावेत की नाही हा वाद मोठा आहे आणि तो व्हायलाच हवा. मात्र ज्याला उद्या सकाळी आठ वाजता पिंजऱ्यासमोर उभं राहायचंय त्याची गरज वेगळी आहे. समोरचं माकड बरं आहे का, आणि नसेल तर आजपासून काय बदलता येईल, हे त्याला कळायला हवं.

माझं मत आधीच नोंदवून ठेवलेलं बरं. प्राणीगृहातल्या, म्हणजे प्रयोगांसाठी ठेवलेल्या माकडाला सुईपेक्षा जास्त त्रास दोन गोष्टींचा होतो: एकटं असण्याचा, आणि आता काय होणार हे न कळण्याचा. दोन्हींवरचे उपाय फार खर्चाचे नाहीत. त्यांना वेळ लागतो, चिकाटी लागते आणि वरिष्ठांची परवानगी लागते. यातली शेवटची गोष्ट मिळवणं बहुधा सगळ्यात अवघड जातं. वरिष्ठांशी बोलताना प्राणीप्रेमाचा मुद्दा चालला नाही तर विज्ञानाचा मांडा. घाबरलेल्या माकडाच्या रक्तात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक चढतं, साखर चढते, पांढऱ्या पेशींचं प्रमाण हलतं, नाडी धावते. औषधाचा परिणाम म्हणून तुम्ही जो आकडा लिहिता त्यात ही भीतीसुद्धा मिसळलेली असते.

आधी कोणतं माकड आहे ते बघा

भारतीय प्राणीगृहांत मुख्यतः दोन जाती भेटतात. एक लाल तोंडाचं माकड, म्हणजे ऱ्हीसस. दुसरं डोक्यावर केसांचा भांग पाडल्यासारखी टोपी असलेलं बॉनेट, जे माथेरान-महाबळेश्वरला पर्यटकांच्या हातातलं कणीस पळवतं. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं वानर वेगळं. त्याचा आहार पानांचा, पोटही वेगळ्या रचनेचं, त्यामुळे या लेखातल्या खाण्याच्या सूचना त्याला लागू करू नका.

ऱ्हीससच्या टोळीत माद्या जन्मभर एकत्र राहतात. मुलीची जागा आईच्या लगेच खाली असते, आणि सख्ख्या बहिणींत सहसा धाकटी थोरलीच्या वर चढते. नर वयात आले की टोळी सोडून दुसरीकडे जातात. कोण वर, कोण खाली हे या जातीत फार कडक असतं. बॉनेट तुलनेनं सैल. त्यांचे मोठे नरसुद्धा एकमेकांना बिलगून बसतात, एकमेकांचं अंग साफ करतात. म्हणून बॉनेटच्या नरांची जोडी जमवताना जी मोकळीक घेता येते ती ऱ्हीससच्या नरांत घेऊ नका.

मग फाइल उघडा. माकड जंगलातून पकडलेलं की प्राणीगृहात जन्मलेलं? आईपासून कितव्या महिन्यात तोडलं? एकट्यानं किती वर्षं काढली? आधी किती प्रयोग, किती वेळा भूल, किती वेळा रक्त? फाइलमध्ये हे नसेल तर जुन्या अटेंडंटना विचारा. त्यांना कागदापेक्षा जास्त माहीत असतं, फक्त कोणी विचारत नाही.

पहिले काही दिवस नुसतं बसा

पिंजऱ्यापासून थोड्या अंतरावर, थेट समोर न बसता तिरकं बसा. टक लावून बघू नका, कारण माकडांच्या जगात टक लावणं ही धमकी आहे. मास्क लावलेल्या माणसाचे तर फक्त डोळेच दिसतात, त्यामुळे नजर सांभाळणं आणखी महत्त्वाचं. बघायचं झालं तर नजर खांद्यावर किंवा हातावर ठेवा.

माकडाच्या चेहऱ्यावरचं सगळं वाचता यायला वेळ लागतो, पण काही खुणा पहिल्या दिवसापासून ओळखा. ओठ मागे ओढून दात दाखवणं, तेही आवाज न करता, हे हसू नाही. ती भीती आणि शरणागती आहे. ‘बघा, हसतोय’ म्हणून फोटो काढणारे पाहुणे प्राणीगृहात येतात तेव्हा त्यांना तिथल्या तिथे हे सांगा. तोंड गोल उघडून, भुवया वर घेऊन, कान मागे टाकून पुढे झेपावणं म्हणजे धमकी. ओठ भराभर मिटून ‘चप चप’ करणं म्हणजे ओळख, मैत्री, ‘माझ्याकडून धोका नाही’. तुम्हीही हे हळूच करू शकता, बरीच माकडं उत्तर देतात. जांभई झोपेचीच असेल असं नाही. मोठा नर सुळे दाखवत जांभया देतोय, तर तो बेचैन आहे. खाज नसताना पुन्हापुन्हा अंग खाजवणं ही चिंतेची फार भरवशाची खूण आहे. आणि सगळ्यात सहज निसटणारी खूण म्हणजे गप्प होणं. कोपऱ्यात पाठ टेकून, गुडघे छातीशी घेऊन, मान खाली घातलेलं माकड ‘शांत स्वभावाचं’ म्हणून नोंदवलं जातं. बहुतेक वेळा ते शांत नसतं, खचलेलं असतं.

दोन-तीन दिवसांनी वही काढा. दहा-बारा वर्तनांची यादी करा: खाणं, हिंडणं, खेळणं, शेजाऱ्याशी संबंध, स्वतःचं अंग साफ करणं, खाजवणं, जांभई, निश्चल बसणं, येरझाऱ्या, स्वतःला चावणं, केस उपटणं. प्रत्येकाला एक अक्षर द्या. मोबाइलवर दर तीस सेकंदांनी वाजणारा गजर लावा, अर्थात कंपनावर, आणि गजर झाला त्या क्षणी माकड काय करत होतं तेवढंच लिहा. पंधरा मिनिटांत तीस नोंदी होतात. वेळ ठरलेली हवी: एकदा खाण्याच्या आधी, एकदा दुपारच्या शांततेत, एकदा साफसफाईनंतर. एकाच वेळच्या नोंदीवरून निष्कर्ष काढला तर फसायला होतं, कारण खाणं यायच्या आधी बहुतेक सगळीच माकडं येरझाऱ्या घालतात.

तुम्ही समोर असताना माकड वेगळं वागतं. म्हणून शक्य असेल तिथे कॅमेरा लावा, साधा सीसीटीव्हीसुद्धा पुरतो. स्वतःला चावणारी माकडं माणूस खोलीत असताना कधी अजिबात चावत नाहीत आणि कधी माणूस आला म्हणूनच चावतात. दोन्ही माहीत असायला हवं.

बिघाड ओळखणं

येरझाऱ्या, एकाच जागी कोलांट्या, डोलणं, पिंजऱ्याच्या गजाला लटकून उसळत राहणं, स्वतःला कवटाळणं, अंगठा चोखणं, डोळ्याच्या खोबणीवर बोट दाबून धरणं, पाय आपोआप वर तरंगत जावा आणि माकडानं त्याच्याकडे परक्यासारखं बघावं. पाठोपाठ, त्याच क्रमानं, काहीही साध्य होत नसताना जे केलं जातं ते या गटात येतं. शेवटचं टोक म्हणजे स्वतःला चावणं: मनगट, मांडी, खांदा. केस गळणं किंवा उपटणं ही वेगळी बाब. त्यामागे ताण असू शकतो, पण ऋतू, गर्भारपण, त्वचारोग, आहारही असू शकतो. आधी पशुवैद्यकाकडून तपासून घ्या.

हे किती सर्रास आहे याचा अंदाज अमेरिकेतल्या २००३ सालच्या एका पाहणीवरून येतो. एकेकट्या ठेवलेल्या ३६२ ऱ्हीसस माकडांपैकी ३२१ जणांत असं किमान एक तरी वर्तन सापडलं. सर्वाधिक आढळल्या त्या येरझाऱ्या. लहान वयात एकटं ठेवलेल्या माकडांत आणि ज्यांचं रक्त वारंवार काढलं गेलं त्यांच्यात धोका वाढलेला दिसला.

याची मुळं बालपणात असतात हे जगाला हॅरी हार्लो या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांनी दाखवलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये १९५० च्या दशकात त्यानं पिल्लांना आईपासून तोडून दोन बाहुल्या दिल्या. एक तारेची, जिला दुधाची बाटली. दुसरी मऊ कापडाची, दुधाशिवायची. पिल्लं दूध प्यायला तारेकडे जात आणि उरलेला दिवस कापडाला चिकटून काढत. पुढे त्यानं पिल्लांना सहा महिने, वर्षभर पूर्ण एकांतात ठेवलं. ती बाहेर आली तेव्हा स्वतःला कवटाळून डोलत होती. हे प्रयोग क्रूर होते, आज ते कोणत्याही समितीपुढे टिकू नयेत. पण त्याच प्रयोगशाळेतून १९७२ मध्ये आलेली एक गोष्ट कामाची आहे. सहा महिने एकांतात राहिलेल्या पिल्लांना सुधारलं ते त्यांच्याहून लहान, तीन महिन्यांच्या पिल्लांनी. ती हल्ला न करता चिकटत, खेळायला ओढत. बिघडलेल्या माकडावर सगळ्यात चांगला उपाय दुसरं माकड असतं, ते कोणतं हे मात्र नीट निवडावं लागतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा: आज दिसणारं डोलणं आजच्या पिंजऱ्याचं असेलच असं नाही. ते जुना व्रणही असू शकतं. म्हणून ‘किती डोलतं’ यापेक्षा ‘मागच्या महिन्यापेक्षा वाढलं की घटलं’ हे बघा. नव्यानं सुरू झालेलं वर्तन तातडीचं समजा. आणि डोलणं थांबवण्यासाठी ओरडू नका, पिंजऱ्यावर काठी आपटू नका. माकडाच्या हातात तेवढाच एक आधार असतो, तो काढून घेऊन हाती काही लागत नाही.

पिल्लांबद्दल एवढंच: दूध पिणं कमी झालं म्हणजे आईची गरज संपली असं नाही. युरोपातली मार्गदर्शक तत्त्वं मकाक गटातल्या (ऱ्हीसस आणि बॉनेट दोन्ही यातलीच) पिल्लाला आठ महिन्यांच्या आत आईपासून वेगळं न करण्याचा, शक्यतो वर्षभर थांबण्याचा सल्ला देतात. प्रजननाचा आकडा वाढवायला सहाव्या महिन्यात पिल्लू काढून घेणारी पद्धत पुढच्या दहा वर्षांच्या बिघाडाची पेरणी करते.

कॉर्टिसोल मोजायचं असेल तर

रक्तातलं कॉर्टिसोल म्हणजे त्या क्षणाची गोष्ट. पकडापकडीत दहा-पंधरा मिनिटं गेली की तुम्ही पकडापकडीच मोजता. लाळ जरा बरी: चव लावलेला कापसाचा दोर चघळायला दिला की हात न लावता नमुना मिळतो. विष्ठेतला अंश साधारण एक-दोन दिवसांपूर्वीचा ताण सांगतो. केसांत मात्र आठवडे-महिने साठत जातं, म्हणून पिंजरा बदलला, जोडी लावली अशा मोठ्या बदलाचा परिणाम बघायला केस सोयीचे. एक पट्टा भादरायचा, आणि काही महिन्यांनी तिथेच उगवलेले केस पुन्हा घ्यायचे. वर्तनाच्या नोंदीशिवाय या आकड्यांना अर्थ नाही. समागमात, खेळातही कॉर्टिसोल चढतं.

जोडी जमवणं

हा या लेखाचा मुख्य भाग आहे. खेळणी, आरसे, टीव्ही सगळं एका बाजूला ठेवा आणि एक साथीदार दुसऱ्या बाजूला. पारडं साथीदाराकडे झुकतं. तरीही प्राणीगृहं कचरतात, कारण एकदा झालेली मारामारी सगळ्यांच्या लक्षात राहते आणि एकटेपणात गेलेली पाच वर्षं कोणाच्या वहीत लिहिलेली नसतात.

निवडीपासून सुरुवात. मोठ्या माद्या आणि वयात न आलेली माकडं यांच्या जोड्या सोप्या जातात. मोठं माकड आणि नुकतंच दूध सुटलेलं पिल्लू हीही चांगली जोडी. मोठे ऱ्हीसस नर सगळ्यात अवघड, तिथे वजनात आणि वयात स्पष्ट फरक असलेले दोघं घ्या आणि घाई करू नका. नर-मादी ठेवायचे तर नराची नसबंदी हवी. दोघांच्या क्षयाच्या चाचण्या आणि इतर तपासण्या झालेल्या हव्यात, हे सांगायला नकोच.

दोन पिंजरे शेजारी आणून मध्ये सरकवता येणारी जाळी किंवा पारदर्शक फळी ठेवा. जाळीची भोकं इतकी बारीक हवीत की बोट पलीकडे जाऊन चावलं जाणार नाही. आता पुन्हा वही. तुम्हाला फक्त एक गोष्ट बघायची आहे: दोघांपैकी एकानं पड खाल्ली का? एकानं बघितलं की दुसरं नजर वळवतं, दात दाखवतं, बाजूला सरकतं, पाठ करून उभं राहतं, आणि पहिल्याला उलट धमकी मिळत नाही, हे पुन्हापुन्हा दिसलं म्हणजे जाळीच्या आडच कोण वर ते ठरलं. मग लढाईचं कारणच उरत नाही. दोघंही सारख्याच जोरानं धमक्या देत असतील, किंवा एक दुसऱ्याला जाळीतून ओरबाडायला सतत धावत असेल, तर जाळी उघडू नका. साथीदार बदला. काही जोड्या जमत नाहीत, त्यात कोणाचा दोष नसतो.

जाळी उघडायची ती दोघांच्याही नेहमीच्या पिंजऱ्यात नाही. तिसऱ्या, दोघांना नव्या असलेल्या मोठ्या पिंजऱ्यात दोघांना एकाच वेळी सोडा, म्हणजे ‘माझी जागा’ हे भांडण टळतं. तिथे सगळं दुहेरी हवं: दोन पाण्याच्या तोट्या, दोन खाण्याचे डबे, दोन उंच बसकणी. एक आडोसाही हवा, ज्याला दोन्ही बाजूंनी वाट असेल. एकच तोंड असलेला आडोसा खालच्या माकडासाठी सापळा ठरतो. वेळ सकाळची आणि वार सोमवार-मंगळवार. शुक्रवारी संध्याकाळी जोडी लावून घरी जाणं म्हणजे शनिवार-रविवार माकडांना देवाच्या भरवशावर सोडणं. पशुवैद्यक इमारतीत हजर हवा, पाण्याचा पाइप हाताशी हवा आणि सरकती फळी चालते का ते आधी तपासलेलं हवं.

पहिल्या तासात पाठलाग, भुंकल्यासारखे आवाज, एकानं दुसऱ्यावर चढणं हे सगळं होतं आणि त्यात हात घालायचा नसतो. थोडा ओरखडाही चालतो. पण खाली दबून बसलेल्या, शरण गेलेल्या माकडावर हल्ला चालूच राहिला, चावा सुटत नसेल, रक्त येऊ लागलं, तर पाणी मारा आणि फळी सरकवा. हात कधीच मध्ये घालायचा नाही. चांगली खूण कोणती? एकानं दुसऱ्याच्या अंगातले केस बाजूला करत साफसफाई सुरू केली की निम्मं काम झालं. दोघं बिलगून झोपले की उरलेलं.

पहिल्या काही रात्री कॅमेरा चालू ठेवा. नंतर दर आठवड्याला दोघांचं वजन. खालच्या माकडाचं वजन घसरत असेल, त्याला जुलाब लागले असतील, वरचं डबा अडवून बसत असेल, तर मारामारी न होताही जोडी बिघडलेली आहे. खाणं विखरून द्या, लांब अंतरावर द्या, आणि तरीही फरक पडला नाही तर वेगळं करा.

जमलेली जोडी किरकोळ कारणासाठी फोडू नका. भुलीच्या आधी उपाशी ठेवायचं असेल तर रात्रीपुरती मधली जाळी घाला, खोली बदलू नका. एकाला प्रयोगासाठी नेलं तर त्याच दिवशी परत आणा. डोक्यात उपकरण बसवलेलं आहे म्हणून सोबत अजिबात शक्य नाही असं सांगितलं जातं. तिथेही रुंद फटीच्या गजांतून हात घालून एकमेकांचं अंग साफ करता येईल अशी सोय करता येते. आणि नव्या माकडांच्या विलगीकरणाच्या काळात एकाच तुकडीतून आलेल्यांना एकत्र ठेवता येतं. विलगीकरण त्या तुकडीचं इतरांपासून असतं, एकमेकांपासून असलंच पाहिजे असं नाही.

उंची, फांदी आणि खाण्याचं काम

घाबरलेलं माकड वर पळतं. पिंजरा रुंद असून बुटका असेल तर ती जागा त्याच्या उपयोगाची नाही. युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशात मकाकच्या पिंजऱ्याला किमान १.८ मीटर उंची आणि २ चौरस मीटर जमीन सांगितली आहे. तुमचे पिंजरे जुने, दोन थरांचे असतील तर खालच्या थरातल्या माकडांचा विचार आधी करा. तिथे अंधार असतो, वर जायला वाव नसतो आणि माणसं वरून अंगावर आल्यासारखी दिसतात. थर आळीपाळीनं बदला, किंवा दोन थरांमधली फळी काढून एका उंच पिंजऱ्यात दोघांना ठेवा. उंचावर आडवी बसकण प्रत्येक पिंजऱ्यात हवी, इतकी लांब की दोघं शेजारी बसतील आणि शेपटी भिंतीला घासणार नाही.

जंगलात माकडाचा बराचसा दिवस खाणं शोधण्यात आणि सोलण्यात जातो. पिंजऱ्यात भिजवलेले हरभरे आणि पाव दहा मिनिटांत संपतात, मग उरलेल्या दिवसाचं काय करायचं? म्हणून रोजच्याच शिध्यातला काही भाग मेहनतीनं मिळेल असा द्या. शेंगा टरफलासकट, मक्याचं कणीस सालासकट. बांबूच्या नळीला बोट जाईल एवढी भोकं पाडून आत चणे. ट्रेमध्ये स्वच्छ गवत किंवा कोरडी पानं पसरून त्यात मूठभर चुरमुरे. मे महिन्यात बर्फात गोठवलेले फळांचे तुकडे. वड, उंबर, जांभूळ यांच्या फवारणी न केलेल्या फांद्या पानांसकट. कण्हेर, रुई, धोतरा यांना प्राणीगृहाच्या आवारातही जागा नको. हे सगळं शिध्यातून वजा करून द्यायचं, वरून नाही, नाहीतर वर्षभरात माकड लठ्ठ होतं. पेरू किंवा आवळा ठेवाच, कारण आपल्यासारखंच माकडांच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही.

तीच वस्तू रोज दिली की तिसऱ्या दिवशी तिच्याकडे कोणी बघत नाही. चार-पाच प्रकार ठरवा आणि फिरवत राहा. सुटे धागे निघणारे दोर, चावून तुटणारं प्लॅस्टिक टाळा. पिंजऱ्याबाहेर दांडीला लावलेला, माकडाला हातानं फिरवता येणारा छोटा आरसा मात्र जरूर लावा. त्यातून ती गल्लीतून कोण येतंय ते बघतात, आणि येणारं माणूस आधी दिसणं ही एकट्या माकडासाठी मोठी गोष्ट आहे. रेडिओबद्दल माझं फारसं चांगलं मत नाही. तो बहुतेक ठिकाणी माणसांसाठी लावलेला असतो.

रक्त द्यायला शिकवणं

नेहमीची पद्धत अशी: मागची भिंत पुढे ओढून माकडाला दाबायचं, केटामिन या भुलीच्या औषधाची सुई टोचायची किंवा बाहेर काढून धरायचं. विस्कॉन्सिनमध्ये व्हिक्टर राइनहार्ट या पशुवैद्यकांनी १९९० च्या आसपास दाखवलं की मोठी ऱ्हीसस माकडं आपल्याच पिंजऱ्यात उभी राहून पाय पुढे करायला शिकतात, एकूण तासाभराहून कमी शिकवणीत. पिंजऱ्याबाहेर धरून रक्त काढलं तर कॉर्टिसोल चढतं. शिकलेल्या माकडांत तसं चढलं नाही. इतका स्वस्त उपाय अजून सगळीकडे पोचलेला नाही हे नवलच.

क्रम असा ठेवा. आधी माणूस पक्का करा: एकच जण, ठरलेली वेळ. मग एक आवाज ठरवा, क्लिकर किंवा छोटी शिट्टी. आवाज झाला की लगेच मनुका, असं इतक्या वेळा की आवाज ऐकताच माकड हाताकडे बघू लागेल. आता हा आवाज तुमचा ‘बरोबर’ म्हणण्याचा शब्द झाला. त्यानंतर टोकाला रंगीत चेंडू असलेली काठी दाखवा. तिला हात लावला की आवाज आणि मनुका. काठी हलवत माकडाला पिंजऱ्याच्या समोरच्या भागात आणता येतं आणि तिथे थांबायला शिकवता येतं. जोडी असेल तर दुसऱ्याला दुसरा माणूस त्याच वेळी दुसऱ्या टोकाला खाऊ देत राहतो, नाहीतर वरचं माकड खालच्याचा धडा हिसकावून घेतं.

मग पाय. पिंजऱ्याच्या खिडकीजवळ पाय आला की बक्षीस. हातमोजा घातलेला हात पायाला लागला, बक्षीस. धरला, सोडला, बक्षीस. ओला बोळा. टोक नसलेली सिरिंज दाबणं. शेवटी सुई, आणि ती झाल्यावर नेहमीपेक्षा मोठं बक्षीस. प्रत्येक पायरी पाच-दहा मिनिटांची. माकड मागे सरकलं की तुम्हीही एक पायरी मागे या आणि जमलेल्या गोष्टीवर धडा संपवा. ज्या दिवशी सुई टोचली त्यानंतर काही दिवस सुईशिवायचे धडे घ्या, म्हणजे खिडकी आणि वेदना यांची गाठ पडत नाही. शिकवण्यासाठी रोजचं खाणं किंवा पाणी कापायचं नाही. भुकेल्या माकडाचा होकार हा होकार नसतो.

सगळी माकडं शिकत नाहीत. जी शिकत नाहीत त्यांच्यासाठी सरकती भिंत वापरताना ती हळू ओढा, पूर्ण दाबू नका, आणि झाल्यावर लगेच मोकळी करा.

माणसं, आवाज, आजार

वाईट गोष्ट होणार हे आधी कळलं तर इतर वेळ निर्धास्त जातो. कॅप्युचिन या मध्य-दक्षिण अमेरिकेतल्या लहान माकडांवरच्या एका अभ्यासात असं दिसलं की माणसांनी दार उघडण्याआधी नेमानं टकटक केली तर माकडांची बेचैनी कमी होते. म्हणून खोलीत शिरताना नेहमी दोनदा टकटक करा. रक्त काढायला येणाऱ्यांनी वेगळ्या रंगाचा कोट घालावा आणि तो कोट घालून खाऊ द्यायला कधी येऊ नये. किल्ल्यांचे जुडगे, बादल्या आपटणं, लोखंडी दारं धाडकन लावणं ही रोजची भीती आहे. दारांना रबर लावायला किती खर्च येतो? गणेशोत्सव-दिवाळीत ढोल आणि फटाक्यांचा आवाज बाहेरून येतो तो थांबवता येत नाही, पण त्या दिवसांत शस्त्रक्रिया, नव्या जोड्या, चाचण्या ठेवू नका. सुट्ट्यांच्या रोटामध्ये निदान एक ओळखीचा चेहरा राहील असं बघा.

क्षय माणसाकडून माकडाला होतो आणि माकडांत वणव्यासारखा पसरतो. कामावर येणाऱ्या प्रत्येकाची छातीची तपासणी नियमित व्हायला हवी, खोकला असेल त्यानं त्या दिवशी आत जायचं नाही. माकडांची ट्युबरक्युलिन चाचणी वरच्या पापणीत होते आणि २४, ४८, ७२ तासांनी बघितली जाते. उलट दिशेनं बी विषाणूचा धोका असतो. आशियाई मकाक तो वाहतात, बहुधा आजारी न दिसता, पण माणसाच्या मेंदूला तो जीवघेणी सूज आणतो. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या यर्क्स या माकड-संशोधन केंद्रातली एक तरुण संशोधक डोळ्यात उडालेल्या थेंबानं दगावली. चष्मा किंवा फेसशील्ड म्हणूनच. चावा, ओरखडा, डोळ्यात थेंब, काहीही झालं तरी तिथल्या तिथे पंधरा मिनिटं धुवा, जखम साबणानं, डोळा पाण्यानं किंवा सलाइननं. मग वरिष्ठांना कळवा. जंगलातून आणलेलं माकड असेल तर रेबीजची लसही आलीच. ‘लहानसाच ओरखडा’ लपवणारा अटेंडंट बहुधा बोलणी खाण्याच्या भीतीनं लपवतो. ती भीती घालवणं हे प्रमुखाचं काम.

थांबायचं कधी, पुढे कुठे

भारतात माकडांवरचा प्रयोग संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीपुढे जातो आणि तिथून केंद्राच्या समितीकडे, जी प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० खाली नेमलेली आहे. ती सीपीसीएसईए म्हणून ओळखली जायची, आता सीसीएसईए. संस्थेच्या समितीवर केंद्राचा प्रतिनिधी आणि विज्ञानाबाहेरचा एक सदस्य असतो. त्या दोघांना तुमची वर्तनाची वही दाखवता येते हे फार थोड्यांना माहीत असतं. प्रयोग सुरू होण्याआधी ‘कधी थांबायचं’ हे लिहून घ्या: वजन किती घसरलं की, किती जेवणं सुटली की, स्वतःला चावून जखम झाली की. प्रयोग चालू असताना हे ठरवायला बसलं की सोयीचं तेच ठरतं.

तिसरी बाजू पुनर्वसनाची. रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडलेल्या तीन तत्त्वांना, म्हणजे पर्याय शोधणं, संख्या घटवणं, पद्धत सौम्य करणं यांना, आपल्या समितीनं चौथं जोडलं: प्रयोगानंतरचं पुनर्वसन. त्याचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरायचा असतो. चिंपांझींच्या बाबतीत अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये आपल्या मदतीनं चालणारे प्रयोग थांबवले आणि लुइझियानातल्या चिंप हेवन या आश्रयस्थानाकडे त्यांना पाठवायला घेतलं. मकाकसाठी एवढी सोय कुठेच नाही, म्हणून जागा आधी शोधावी लागते. दहा वर्षं पिंजऱ्यात काढलेलं माकड जंगलात सोडणं हे पुनर्वसन नव्हे. ते टोळीत शिरू शकत नाही, आणि आजार घेऊन जाण्याचा धोका वेगळाच.

निवृत्त होणाऱ्या माकडाला पाठवताना शक्यतो जोडीनं पाठवा. सोबत एक पान जोडा: कोणत्या हाकेला येतं, काय आवडतं, कोणाशी पटतं, कोणाशी नाही, कुठल्या रंगाच्या कोटाला घाबरतं, पाय पुढे करायला शिकलंय का, आणि तो आवाज क्लिकरचा होता की शिट्टीचा. शिट्टी असेल तर ती शिट्टीच पाकिटात घालून द्या.